भित्रीच्या पुढचा शब्द

२ मार्च

प्रिय धाकटे,

छापील अक्षरं बघून दचकू नकोस. उजवं मनगट मोडलंय. दुकानात स्टुलावर चढून पडद्याचा रूळ काढत होते, स्टूल एकीकडे आणि मी दुसरीकडे. कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि आत अशी खाज सुटते की विणायची सुई घालून खाजवते. डॉक्टरला सांगायला जाऊ नकोस. कात्री, सुई, पेन तिन्ही बंद. पडद्यांची कामं पडून आहेत, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात.

ठकूने तिचा जुना फोन पाठवलाय. जावयाने तिला नवा घेऊन दिला, म्हणून हा माझ्या वाट्याला. धुऊन पुसून आलाय, ना फोटो, ना मेसेज, ना कुणाचा नंबर. आपल्या पत्रांत खंड नको म्हणून त्यावरून डाव्या अंगठ्याने हे मेल लिहितेय.

आता गंमत ऐक. अक्षरांच्या वर एक पट्टी असते, तिथे पुढचा शब्द आपोआप येतो. मी 'चहा' लिहिलं की तो म्हणतो 'झाला', मग 'का'. 'कंटाळा' लिहिलं की 'आला', मग 'गं'. हे बोलणं काही माझं नाही, हे ठकूचं. लग्नाला दीड वर्ष झालं, तेव्हापासून पोरगी माझ्याशी धड दोन वाक्यं बोललेली नाही. सदा घाईत, आणि फोन सदा स्पीकरवर. इथे मात्र ती माझ्या अंगठ्याखाली बसून बडबडते. काम नसलं की मी उगाच एखादा शब्द लिहिते आणि पुढे ती काय म्हणते ते बघते.

परवा गिऱ्हाइकाला 'माझीच कात्री' असं काहीतरी लिहायला गेले, तर 'माझीच'च्या पुढे आलं 'चूक', मग 'झाली'. म्हटलं, सासरी जाऊन बाई नम्र झाल्या. इथे होती तेव्हा चूक कबूल करायला तिला आठवडा लागायचा.

तुझी ताई

५ मार्च

प्रिय ताई,

स्टुलावर चढायला तू काय विशीतली आहेस का? आणि ती सुई आधी बाहेर काढ, आत मोडली तर दुसरं प्लास्टर घालावं लागेल.

तुझ्या फोनची गंमत मला नवीन नाही. कोर्टात आम्ही लघुलेखक पोटापाण्यासाठी तेच करतो. जे शब्द नेहमी जोडीने येतात ते आम्ही सुटे लिहीतच नाही, एका फटकाऱ्यात जोडून टाकतो. 'किरकोळ कारणावरून' ही एक रेघ. 'रागाच्या भरात' ही दुसरी. साक्षीदाराने 'किरकोळ' म्हणताच माझी पेन्सिल 'कारणावरून' लिहून मोकळी होते.

पण ताई, एखादी जोडी हाताला बसायला ती पुन्हा पुन्हा यावी लागते. फोनचंही तसंच असणार. एकदा कुणी 'माझीच चूक झाली' लिहिलं म्हणून तो ते सुचवायला लागत नाही.

सहज विचारते. 'परत' लिहून पुढे काय येतं ते बघशील का? आणि 'रागावू'. आणि 'घरी'. मला कळव. काही नसेलही. आमच्या खोलीत दिवसभर जे ऐकते त्याने माझं डोकं नासलंय.

तुझी धाकटी

८ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. कोर्टात बसून तुला जिथेतिथे आरोपी दिसतात. जावई इतका गोड बोलतो. माझा हात मोडला कळल्यावर त्याने हाताखाली घ्यायला मऊ उशी पाठवली. पोटच्या मुलाने पाठवली नसती.

तरी दुकानाचं शटर अर्धं ओढून मशीनपाशी बसले आणि तू दिलेले शब्द लिहिले.

'परत' लिहिलं. पुढे 'असं', मग 'होणार', मग 'नाही'.

'रागावू'च्या पुढे 'नकोस', मग 'ना', मग 'प्लीज'.

'घरी'च्या पुढे 'कळवू', मग 'नकोस'.

इथेच थांबायला हवं होतं. पण समोरच्या दुकानाचं दार करकरलं आणि माझ्या अंगठ्याने 'दार' लिहिलं. 'उघड' आलं. मग 'ना'. मी पुसून पुन्हा लिहिलं, तरी तेच. तशीच कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

लगेच ठकूला फोन केला. नेहमीसारखा स्पीकर. "मी मजेत आहे, तुझा हात कसाय?" एवढं बोलली, तेवढ्यात मागून जावई म्हणाला, "अगं, औषध वेळेवर घेतात का ते विचार." तिने तेच विचारलं. शब्द न् शब्द तोच. पूर्वी याने मला कौतुक वाटायचं.

तो तिच्यावर हात उचलतो का गं? तिला घरी आणायचं का? आणायचं तर कसं? माझी तर पाचावर धारण बसलीय.

एक शब्द मी अजून लिहिलेला नाही. ती मला ज्या शब्दाने हाक मारते, तो. या पत्रातही तो तुला कुठे दिसणार नाही. त्याच्या पुढे काय असेल ते बघायची मला भीती वाटते.

तुझी ताई

१० मार्च

प्रिय ताई,

नीट ऐक. मला तुझ्या जावयाची एकही गोष्ट माहीत नाही आणि तरी सगळं माहीत आहे. आमच्याकडे गोड बोलणारेच साक्षीला पक्के टिकतात. उशा पाठवणारेही खूप पाहिलेत.

फोनवर तिला काहीही विचारू नकोस. आवाजसुद्धा बदलू नकोस. पडद्यांचं, प्लास्टरचं, हवेचं बोल.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई बसतात, अशा घरातून मुलींना बाहेर काढायचं त्यांचं काम. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोलिसाला घेऊन आत्ता जाता येईल, पण दारात नवरा उभा असला की मुलगी म्हणते, 'माझी काही तक्रार नाही.' ताई, हे चार शब्द मी एका रेघेत लिहिते. इतक्या वेळा लिहिलेत की हात आपोआप वळतो. त्या मुलींचं पुढे काय होतं तेही नंतर कधी कधी माझ्याच वहीत येतं. म्हणून तो घरात नसताना जायचं आणि जायच्या आधी ठकूला ते माहीत असायचं, म्हणजे ती दार लावून घेणार नाही. तिला कळवायचं कसं एवढाच प्रश्न आहे.

ते शब्द पुन्हा पुन्हा दाबून बघू नकोस. तुझे हात लागून तिची बोली पुसून जाईल.

तुझी धाकटी

१२ मार्च

प्रिय धाकटे,

आज जावयाचाच फोन आला. तू म्हणालीस तसं हवेवर बोलले. आवाज बरा लागला असावा.

तो हसत होता. म्हणाला, "आमच्या बाईसाहेबांचा फोन हल्ली वेड्यासारखा करतो. काल तिने 'प्लास्टर' लिहिलं, तर पुढे आलं 'खाज'. मी म्हटलं, अगं, तुला कुठे प्लास्टर आहे?" मीही हसले. मीही गिऱ्हाइकांना रोज 'प्लास्टर, खाज' हेच लिहीत असते, योगायोग बघ कसे असतात. मग तो म्हणाला, "मला गंमत वाटली म्हणून मी अजून दोनचार शब्द लिहून बघणार आहे."

जाता जाता एक कामाचं कळलं. तो लिफ्टच्या तपासणीला जातो ना, येत्या पंचवीस तारखेला, बुधवारी, दिवसभर बाहेरगावी असणार. "त्या दिवशी हिला फोन करू नका, आराम करू दे," म्हणाला. मला आनंद व्हायला हवा, पण त्याचं ते हसणं कानातून जात नाही.

तुझी ताई

१२ मार्च, संध्याकाळ

ताई,

त्या फोनवर आता एक अक्षरही लिहू नकोस. या पत्राचं उत्तरसुद्धा नाही.

तो योगायोग नाही. पट्टीवरचे शब्द तिच्या खात्यात साठतात आणि फोन पुसला तरी खातं दोन्ही फोनवर एकच राहिलंय. तुला तिचे शब्द दिसतात, तसे तिच्या फोनवर तुझे दिसतात. तू मला लिहिलेलं सगळं तिकडे झिरपलंय.

माझी पत्रं वाच, त्याला हरकत नाही. लिहायचं ते डाव्या हाताने, कागदावर, आणि कुरिअरने पाठव.

धाकटी

१४ मार्च

प्रिय धाकटे,

डावा हात आहे, अक्षर लावून घे. पहिलीतल्या पोरासारखं दिसतंय.

तुझं पत्र आल्यापासून मी काय काय लिहिलं ते आठवत बसलेय. 'हात उचलतो' लिहिलं. 'घरी आणायचं' लिहिलं. त्याने 'हात' लिहून पाहिलं तर? गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं तरी जावई आला म्हणून मी उठून बघते. मीच माझ्या हाताने पोरीला संकटात टाकलं, आणि तेही डाव्या अंगठ्याने.

काल शिवायला काही नव्हतं, नुसतीच मशीनचं चाक फिरवत बसले होते, तेव्हा सुचलं. शब्द इकडून तिकडे जातात तर जाऊ देत. आपणच पाठवू. एखाद्या शब्दाच्या पुढे आपला निरोप बसवायचा. फक्त तो पहिला शब्द असा हवा की त्याला कधी लिहावा लागणार नाही आणि ठकूला सुचेल.

तुला आठवतं, ती लहानपणी अंधाराला घाबरायची. तिचे बाबा चिडवायला म्हणायचे, "भित्री..." आणि थांबायचे. जगातलं कुठलंही पोर पुढे 'भागूबाई' म्हणेल. आपल्या बयेने पाय आपटून म्हणावं, "भित्री वाघीण." मग रोजचंच झालं. त्यांनी 'भित्री' म्हणायचं, तिने 'वाघीण' म्हणायचं आणि एकटीने अंधाऱ्या खोलीतून पाण्याचा तांब्या आणायचा. थरथरत आणायची, अर्धं पाणी सांडलेलं असायचं, पण आणायची. जावयाला हे माहीत असायचं कारण नाही. तिचे बाबा गेल्यानंतर घरात तो शब्द कुणी काढलाच नाही.

मी फोनवर 'भित्री'च्या पुढे 'आई येतेय बुधवारी' असं पुन्हा पुन्हा लिहून ठेवते. चालेल का? तू म्हणशील तसं करते. मला एकटीला काही ठरवायचं धाडस नाही.

ताई

१७ मार्च

प्रिय ताई,

तुझं डोकं मोडक्या मनगटावर चालतं हे मला आज कळलं.

पण त्यात 'आई' नको. तो तपासायला बसला तर पहिला तोच शब्द लिहून बघेल. असं लिही: 'भित्री बुधवारी अकराला मावशी'. पुन्हा पुन्हा लिहायचं आणि खोडायचं, म्हणजे फोनला सवय होईल. दुसरं काही लिहायचं नाही. मग ठकूला एक साधा मेसेज टाक, तो त्याने वाचला तरी चालेल असा. तिला 'भित्री' लिहावंसं वाटेल एवढंच बघ.

तळमजल्यावरच्या बाई माझ्याबरोबर येतील, एक महिला पोलीसही. मी रजा टाकलीय. साहेबांनी कारण विचारलं, मी 'किरकोळ कारण' म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

तू येऊ नकोस. रागावू नकोस, पण तुला घराबाहेर पडताना कुणी पाहिलं आणि त्याला कळवलं तर सगळं मुसळ केरात.

तुझी धाकटी

२१ मार्च

प्रिय धाकटे,

सांगितलंस तसं केलं. दोन दिवस बसून तेवढंच लिहिलं आणि खोडलं, अंगठा सुजलाय. मग ठकूला मेसेज टाकला: "लहान मुलांच्या खोलीसाठी पडद्याचं कापड आलंय, सगळे वाघच वाघ. बाबा तुला काय म्हणायचे ते आठवलं."

दिवसभर उत्तर नाही. मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं: "हो आठवतं. भित्री भागूबाई. हा हा."

धाकटे, माझा जीवच गेला. ठकू मरेल पण भागूबाई म्हणणार नाही. म्हणजे उत्तर त्याने लिहिलं. तो 'भित्री' लिहून बसला आणि पट्टीवर आपला सगळा निरोप त्याच्यासमोर आला. तुझा दिवस, तुझी वेळ, तू. मी कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये जाऊन बसले आणि तिथे किती वेळ होते ते माहीत नाही. तुला येऊ नकोस म्हणून कळवायला फोन हातात घेतला.

मग वाटलं, एकदा बघावं. तू नको म्हणालीस, तरी 'भित्री' लिहिलं.

मधोमध आलं 'वाघीण'.

ते मी बसवलेलं नाही. त्याला दाबलं. 'बुधवारी'. दाबलं. 'चावी'. दाबलं. 'नाही'.

पुढे काही नाही.

मेसेज त्याच्यासाठी होता. तो शेजारी बसला असेल, म्हणून तिने जगासारखं उत्तर लिहिलं. हे माझ्यासाठी आहे. असंच आहे ना? तू सांग असंच आहे. पण तिला वाघीण म्हणायला त्यानेच लावलं असेल तर? तिने मारहाणीत सांगून टाकलं असेल तर? असे विचार येतात आणि जात नाहीत.

चावी नाही म्हणजे तो तिला कुलूप लावून जातो. कुलूपवाला बरोबर घे. बुधवारपर्यंत मी काही लिहिणार नाही. माझा जीव टांगणीला आहे एवढंच.

ताई

२६ मार्च

प्रिय ताई,

फोनवर सांगितलंच आहे की ती माझ्याकडे आहे. आता सविस्तर.

अकराला आम्ही सहाव्या मजल्यावर होतो. लिफ्टने गेलो नाही, त्या इमारतीच्या लिफ्टचं कामही त्याच्याकडेच आहे, आत कॅमेरा आहे. बाहेरून कुलूप होतं. मी दारावर टकटक केली. आतून काही नाही. पुन्हा केली. माझ्या मनात आलं, आत तोच बसलाय. कुलूपवाला माझ्याकडे बघायला लागला. मग मी दाराला तोंड लावून हळूच म्हटलं, "भित्री."

आतून अगदी दाराजवळून आवाज आला, "वाघीण. मावशी, लवकर."

ती दाराला पाठ लावूनच बसली होती, सकाळपासून. कुलूपवाल्याला फार वेळ लागला नाही, पण मला तो कोर्टातल्या उलटतपासणीइतका लांब वाटला. पोलीस बाईंनी विचारलं, तुमची काही तक्रार आहे का? ठकूने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. हातात पेन्सिल नव्हती, तरी बोटं ती रेघ काढायच्या बेतात होती. मग ती म्हणाली, "आहे." नवा फोन टेबलावर वाजायला लागला, त्याचाच. तो वाजता ठेवून आम्ही जिन्याने उतरलो. प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार दिसलं की ती माझा हात घट्ट धरायची.

तिच्या अंगावरच्या खुणा डॉक्टरांनी लिहून घेतल्या. तुला इथे सांगत नाही, भेटल्यावर तूच बघ. त्याच्यावर तक्रार नोंदवलीय. तो इथे येईल ही भीती आहेच, खोटं कशाला बोलू. तळमजल्यावरच्या बाईंनी बंदोबस्त केलाय, मी दाराला दुसरी कडी लावून घेतलीय.

एक सांगायचं आहे आणि कसं सांगू कळत नाही. फोन तुला पाठवायची कल्पना तिची होती. पाठवण्याआधी त्याने स्वतः बसून सगळं पुसलं. मेसेज, फोटो, नंबर, सगळं. ती म्हणाली, "मावशी, मी रोज दुपारी आईला मेसेज लिहायचे. पाठवायची छाती नव्हती, म्हणून लिहायचे आणि खोडायचे. एकच वाक्य. वाटलं, माणसाला नाही तर फोनला तरी पाठ होईल. आई फोन हातात घेईल, तेव्हा तिला पहिल्याच दिवशी दिसेल."

मग तिने विचारलं, "इतके दिवस का लागले?"

रविवारी मी तिला घेऊन येते.

तुझी धाकटी

२७ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आल्यावर मी दुकान बंद केलं आणि फोन पुढ्यात घेऊन बसले. पहिल्या दिवसापासून हातात होता. रोज शब्दांशी खेळत होते, चहा झाला का, कंटाळा आला गं. तो एक शब्द तेवढा सोडून.

आज लिहिला. आई.

पट्टीवर 'ये' आलं. मग 'ना'. मग पुन्हा 'आई'. पुन्हा 'ये'. मी दाबत गेले आणि ते संपेचना, पडदाभर तेच झालं.

रविवारी येशील तेव्हा ठकूला काही सांगू नकोस, मीच सांगेन. तिचे बाबा चुकीच्या माणसाला चिडवत होते. भित्री मी.

ताई